चार शिट्ट्या आणि सुलतानाचा भात

पहिल्याच दिवशी मी सुलतानाच्या भातावर बॉलपेन रोखलं.

भात तीनशे वर्षांपूर्वीचा होता, तैलरंगात काढलेला. त्या ताटांमध्ये आहे तो पुलाव का, एवढंच मला विचारायचं होतं. विचारताना माणूस बोट दाखवतो; माझ्या हातात पेन होतं, मी पेन दाखवलं. दुसऱ्याच क्षणी पन्नाशीच्या एका गोऱ्या बाईंनी माझं मनगट धरलं. "मिस्टर मेश्राम, या दालनात शाई आणायची नाही. फक्त पेन्सिल." मी घाईघाईने पेन खिशात ठेवलं. "खिशातही नाही," बाई म्हणाल्या. पेन दाराबाहेरच्या गार्डकडे जमा झालं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा पेन्सिलवर आलो.

या हेल्गाबाई. युरोपातल्या ज्या संग्रहालयाने ही चित्रं सिंगापूरच्या प्रदर्शनासाठी पाठवली होती, त्याच्या वतीने चित्रांबरोबर विमानातून आलेल्या. पेट्या उघडायच्या त्यांच्यासमोर, चित्रं टांगायची त्यांच्यासमोर, आणि काही खटकलं तर चित्र उतरवून पुन्हा पेटीत घालायचा अधिकारही त्यांचाच. अशा बाईंच्या मनात माझी जागा पहिल्या पाच मिनिटांत ठरली: या माणसाला चित्रांपासून लांब ठेवायचं.

एरवी मी लांबच असतो. माझं काम हवेचं. लोकांना वाटतं, संग्रहालयात एसी लावतात तो बघणाऱ्यांना गार वाटावं म्हणून. बघणारे गारठले तरी चालतात. एसी असतो चित्रांसाठी, आणि त्यातही थंडाव्यापेक्षा हवेतल्या ओलाव्यासाठी. कॅनव्हासचं अगदी पापडासारखं असतं. सादळला की सैल पडतो, वाळला की ताठ होतो, आणि सारखा सादळत-वाळत राहिला की त्याच्यावरचा रंग तडकतो. आता सिंगापूरची हवा कशी, तर सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला लागतो. या हवेत एक दालन असं ठेवायचं की आतला ओलावा रात्रंदिवस पन्नास टक्क्यांच्या आसपास. थोडा इकडे, थोडा तिकडे, बस. हे मी अनेक वर्षं केलं.

गिऱ्हाइकं एकेक मासलेवाईक भेटली. एका कॉन्डोतल्या गृहस्थांनी मोठं तैलचित्र समुद्राकडच्या उघड्या खिडकीसमोर लावलं होतं. का, तर चित्रातल्या बाईला वारा लागावा! चांगी बिझनेस पार्कातल्या एका ऑफिसात भिंतीवरच्या जुन्या नकाशाला बुरशी का येते हे शोधायला मी दोन दिवस घालवले. शेवटी कळलं की खालच्या कुंड्यांना पाणी घालणारी मावशी जाता जाता नकाशालाही दोन फवारे मारत होती. "ड्राय वॉट, सो पुअर थिंग," म्हणाली.

पण कोणी विचारलं की इतकी वर्षं चित्रांमध्ये घालवली, तर मग चित्रातलं तुम्हाला काय कळतं, तर मी विषय बदलतो. मी चित्रं पाहिलीच नाहीत. चित्रांची हवा पाहिली. अपवाद एकच, ज्याच्यावर मी पेन रोखलं ते.

सार्सची साथ ओसरून दोन-तीन वर्षं झाली होती. लोक पुन्हा गर्दी करायला शिकले होते आणि शहरातल्या एका संग्रहालयाने हे मोठं प्रदर्शन ठरवलं. चित्रकार युरोपातला. एका राजदूताच्या लवाजम्याबरोबर इस्तंबूलला गेला तो तिथलाच झाला. त्याने काय काढलं नाही? बॉस्फरसमधल्या होड्या, लग्नाची वरात, डोक्यावर पावांची परात घेतलेला पाववाला, दुपारच्या उन्हात झोपाळ्यावर बसलेल्या बायका. आणि दरबार. एका चित्रात राजदूत सुलतानापुढे उभा आहे. अंगावर सुलतानाने दिलेला पायघोळ अंगरखा. आपल्याकडे सत्काराला शाल पांघरतात, तसा. फरक इतकाच की दोन धिप्पाड सेवकांनी त्याचे दोन्ही दंड धरून ठेवलेत. मान पण द्यायचा आणि विश्वास पण ठेवायचा नाही. पुढे आठवड्याभरात मला त्या राजदूताचं दुःख नीट समजलं.

माझं पेनवालं चित्र त्याच्या शेजारचं. राजवाड्याचं अंगण. जमिनीवर भाताची ताटं मांडलेली आणि शेकडो शिपाई त्यांच्याकडे धावत सुटलेले, टोप्या उडताहेत, कोणी कोणाच्या पायात येतोय. मला वाटलं दंगल आहे.

"दंगल नाही, उलट," हेल्गाबाई म्हणाल्या. पेन जमा झाल्यावर त्या थोड्या निवळल्या होत्या. "शिपायांना राजवाड्यातून भात वाढत. ते धावत आले तर ते सुलतानावर खूश. कोणी भाताला हात लावला नाही, तर समजायचं बंड होणार. परक्या राजदूताला मुद्दाम त्या दिवशी बोलावत, त्याने हे बघावं म्हणून."

"म्हणजे भात उचलला की राज्य शाबूत," मी म्हणालो.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या, आणि माझ्या शर्टाचा खिसा रिकामा असल्याची पुन्हा खात्री करून घेतली.

सोमवारी चित्रं टांगली. शुक्रवारी उद्घाटन. आणि मंगळवारी घोळ सुरू झाला.

प्रत्येक महत्त्वाच्या चित्राजवळ आम्ही काडेपेटीएवढी एक डबी ठेवतो. तिला म्हणतात लॉगर. ती दर मिनिटाला तापमान आणि ओलावा टिपत राहते. दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरला जोडली की आदल्या दिवसाचा सगळा आलेख समोर येतो. भाताच्या चित्राजवळची माझी डबी सांगत होती शेहेचाळीस. हेल्गाबाईंच्या हातातलं यंत्र सांगत होतं पन्नास. दोघांतलं एक खोटं.

"माझं खोटं नाही," बाई म्हणाल्या.

माझी कंपनी एसीची ठेकेदार, आणि तिचे मालक मिस्टर चुआ. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मेश्राम, ही बाई व्हेरी फसी, खुसपटं काढते. फिक्स इट फास्ट फास्ट, ओके?"

तपासणीला डबी बाहेर पाठवली असती तर तीन दिवस गेले असते. पण मला एक सोपी युक्ती माहीत होती. साध्या खायच्या मिठात पाण्याचे थोडे थेंब घालून ते ओलं करायचं, बंद डब्यात ठेवायचं आणि त्यात लॉगर ठेवायचा. डब्यातला ओलावा पंच्याहत्तर टक्क्यांवर येऊन थांबतो, कुठल्याही देशात, कुठल्याही कंपनीच्या मिठात. लॉगर पंच्याहत्तर दाखवत नसेल तर जेवढा फरक तेवढी त्याची चूक. संग्रहालयात मीठ आणायला बंदी. मीठ घरी. म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी ती डबी खिशात घातली, जिथे पेन असायचं तिथेच, आणि एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसून क्लेमेंटीला घरी आलो. वहीत नोंद केली नाही. डबीचं टिपणंही बंद केलं नाही. मला वाटलं, सकाळी परत ठेवतोच आहे.

बायको, करुणा, स्वयंपाक करत होती. ती नागपूरची, मीही नागपूरचाच. पण माझी भाषा परदेशात घासून गुळगुळीत झाली, तिने आपली शाबूत ठेवली आहे. मी डबी गॅसजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आणि आंघोळीला गेलो. जेवलो. मग डब्यात मीठ कालवून ती त्यात बंद केली.

"हे काय करून राहिले तुम्ही?" करुणाने विचारलं.

"हवा मोजतोय."

"मिठाची?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

सकाळी डबीने दाखवलं एकाहत्तर. म्हणजे माझी डबी चार टक्के कमी सांगत होती आणि दालनात खरोखर पन्नासच होतं. मी एवढा खूश झालो की बुधवारी सकाळी डबी जागेवर ठेवताना मी त्या धावणाऱ्या शिपायांना जवळजवळ सलाम ठोकला.

दुपारी हेल्गाबाईंनी मिस्टर चुआंच्या आणि माझ्या समोर डबी कॉम्प्युटरला जोडली.

आलेख दिवसभर सरळ. मग मंगळवारी संध्याकाळी सहानंतर रेघ वर चढायला लागली. ऐंशी. पंच्याऐंशी. सातच्या सुमाराला उड्या मारत थेट चौऱ्याण्णव, तापमान चौतीस. पुढे रात्रभर एकाहत्तर. बाईंचा चेहरा पांढरा होता तो आणखी पांढरा झाला. "रात्रभर," त्या हळू म्हणाल्या. "हे चित्र रात्रभर वाफेत होतं."

आणि मी हसलो. हीच माझी खरी चूक. मला इतकं हायसं वाटलं की काय झालंय हे आपल्याला माहीत आहे! मी सगळं सांगितलं. खिसा, एमआरटी, फळी, मीठ.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ज्याचा एसी रात्री बंद पडला, तोही हेच सांगेल."

"भिंतीवरचे सेन्सर बघा, त्यांच्यावर पन्नास आहे."

"ते तुमच्याच यंत्रणेचे. तुमचीच साक्ष."

बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मानलं नसतं. मी आलेखाकडे पाहिलं आणि मला एकदम दिसलं. "हे बघा, ही टोकं! एसी बंद पडला तर रेघ हळूहळू चढेल, अशी उड्या मारणार नाही. या शिट्ट्या आहेत. आमच्या कुकरच्या!"

"कुकर शिट्टी वाजवतो?"

"वाजवतो. वाफ सोडतो आणि वाजवतो. भाताला तीन शिट्ट्या. आमच्या घरी रोज तीन, लग्न झाल्यापासून तीन."

हेल्गाबाईंनी पेन्सिल घेतली आणि टोकांना एकेक टिंब देत गेल्या. एक. दोन. तीन. आणि मग, जरा अंतर सोडून, तितकंच उंच आणखी एक टोक.

"चार," त्या म्हणाल्या.

मिस्टर चुआ माझ्याकडे बघायचे थांबले.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "माझं ऑफिस तिकडे आत्ता उघडलं असेल. मला फोन करावा लागेल. हे चित्र मी आज उतरवते आहे."

भाताचं चित्र हे प्रदर्शनाचं मुख्य चित्र. सगळ्या बस थांब्यांवर त्याचीच जाहिरात. ते परत गेलं असतं तर कंपनीचं काम गेलं असतं आणि त्याआधी मी गेलो असतो. मी एम्प्लॉयमेंट पासवर होतो, पीआरचा, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज दिलेला. नोकरी गेली की पास गेला, आणि महिन्याभरात गाशा गुंडाळून नागपूर. मुलगी जुई अकरा वर्षांची. वर्षअखेर तिची प्रायमरीची मोठी परीक्षा. हे सगळं एका जास्तीच्या टोकावर येऊन बसलं होतं.

"मिस्टर चुआ," मी म्हणालो, "माझ्या बायकोला विचारा."

"फोनवर नको," हेल्गाबाई म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या भाषेत तिला काय सांगाल ते मला कसं कळणार? घरी जाऊ. आत्ता. तुमचा मोबाइल माझ्या पर्समध्ये ठेवा."

आम्ही तिघं टॅक्सीत बसलो. मी मधे. एका बाजूला चुआ, एका बाजूला हेल्गाबाई. दंड कोणी धरले नव्हते, एवढंच. टॅक्सीच्या एसीने काचा बाहेरून धुरकटल्या होत्या. हवेचा माणूस असल्याने मी मनातल्या मनात ओलाव्याची टक्केवारीही काढली. करुणा काय सांगेल? ती तीनच सांगणार. रोज तीनच तर होतात. आणि तिने तीन सांगितलं की संपलं.

दार करुणाने उघडलं. केसांना तेल, अंगात मॅक्सी. "अव माय!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मी तोंड उघडणार तोच हेल्गाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, माफ करा. दोनच प्रश्न. तुमच्या नवऱ्याने काल एक छोटी डबी घरी आणली होती का?"

करुणाने बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. ती बीएस्सी झालेली, इंग्रजीची तिला भीती नाही. पण नवऱ्याने काय चोरलंय हे न कळता उत्तर देणं कोणालाही कठीण.

"हो, आणली होती," ती म्हणाली. "तिथे, गॅसजवळ ठेवली. मी म्हटलं होतं त्यांना की तिथे ठेवू नका, फोडणी उडते."

"त्या वेळी तुम्ही काय शिजवत होता?"

"डाळ-भात. कुकरमध्ये."

"कुकर किती वेळा वाजला?"

मी डोळे मिटले.

"चार," करुणा म्हणाली.

"नक्की?"

"रोज तीन असतात. हे पण तुम्हाला तीनच सांगतील, त्यांना विचारू नका. काल नागपूरहून माझ्या बहिणीचा फोन आला, मी बोलत राहिले, गॅस बंद करायचं राहून गेलं. चौथी झाली. भाताची पेज झाली पार." आणि तिने हाताने ती पेज दाखवली. "खोटं वाटत असेल तर पोट्टीला विचारा."

जुई अभ्यासाच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाली, "फोर लाह. आय टोल्ड मम्मी ऑलरेडी, शी सेड वेट, वेट."

हेल्गाबाईंनी पर्समधून आलेखाचा कागद काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. तीन टोकं, जरा अंतर, चौथं टोक. मग माझा मोबाइल काढून माझ्या हातात ठेवला. "टेलिफोन," त्या चौथ्या टोकाच्या आधीच्या रिकाम्या जागेवर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

मिस्टर चुआ सोफ्यावर असे बसले जणू त्यांचाच पास वाचला होता. "आय्या, मेश्राम. युअर ओन वाइफ कूकिंग ऑल्सो यू डोंट नो!"

पुढे जे झालं ते करुणाच्या स्वभावामुळे झालं. घरी आलेलं माणूस न जेवता जात नाही, मग ते चौकशीला का आलेलं असेना. तिने कुकर लावला. पहिल्या शिट्टीला हेल्गाबाई खुर्चीतून उठल्याच, दुसरीला त्यांनी बोट वर केलं, तिसरीला तिघीजणी एकदम म्हणाल्या, "थ्री!" आणि करुणाने गॅस बंद केला.

ताटं वाढली. वरण, भात, लिंबू, वर तूप. हेल्गाबाईंनी चमच्याने भात उचलेपर्यंत मी माझ्या ताटाला हात लावला नाही. मी नुसता बघत होतो. एक घास. दुसरा. मग त्यांनी चमचा खाली ठेवला, आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. पण त्या करुणाकडे बघून, ती जेवते तसा, बोटांनी भात कालवू लागल्या, आणि नंतर मागून घेतला. तेव्हा मी पहिला घास घेतला.

चित्र उतरवलं नाही. शुक्रवारी प्रदर्शन उघडलं. बाईंनी अहवालात सगळं प्रामाणिकपणे लिहिलं, कुकरसकट, आणि परवानगीशिवाय लॉगर इमारतीबाहेर नेल्याबद्दल माझ्यावर दोन कडक ओळीही. त्या ओळी वाजवी होत्या. मिस्टर चुआंनी मला लेखी समज दिली, ती अजून माझ्या फाइलमध्ये आहे. पीआर नंतर मिळाला. जुईने परीक्षा दिली, आणि आता ती माझ्याच कुकरची गोष्ट पाहुण्यांपुढे माझ्यापेक्षा चांगली सांगते.

रविवारी मी दोघींना प्रदर्शन दाखवायला नेलं. पेन घरी ठेवलं होतं. दालनात पन्नास टक्के ओलावा होता हे मी न बघता सांगू शकलो असतो, तरी एकदा भिंतीकडे नजर टाकून घेतली. मग आयुष्यात पहिल्यांदा एका चित्रासमोर नुसता उभा राहिलो. तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एक शिपाई इतका घाईत आहे की त्याची एक चप्पल मागे राहिली आहे. आठवडाभर मी त्या चित्राच्या चार फुटांवर होतो आणि मला ती चप्पल दिसली नव्हती.

करुणाला मी सगळं समजावून सांगितलं. शिपाई भाताकडे धावले म्हणजे सगळं ठीक, कोणी हात लावला नाही म्हणजे राजवाड्यात काहीतरी शिजतंय.

ती चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचं याच्या उलटं आहे. एरवी एक शीत कच्चं राहिलं तरी तुम्ही नावं ठेवता. त्या मंगळवारी एवढी पेज झाली होती अन् तुम्ही काही न बोलता दोनदा घेतली. मी तेव्हाच समजले, यांच्या ऑफिसात काहीतरी बिघडून राहिलं."